सातबाऱ्यात न मावणारे विष

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. बंद पडलेले रासायनिक कारखाने, जुने घातक कचऱ्याचे ढीग, गळक्या साठवणटाक्यांखालची जमीन अशा ठिकाणांचे काय करायचे, याची कायदेशीर कार्यपद्धती देशात प्रथमच लिहिली गेली. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरात १०३ दूषित स्थळे निश्चित केली होती आणि त्यांपैकी प्रत्यक्ष शुद्धीकरण सुरू झालेली स्थळे होती केवळ ७. या विषयावरचे काम मंत्रालयाने २०१० मध्ये हाती घेतले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन आकड्यांमधले अंतर अधिक बोचते.

नियमांचे स्वागत व्हायलाच हवे. मात्र त्यांची रचना बारकाईने पाहिली की एक गृहीतक वारंवार समोर येते. दूषित स्थळ म्हणजे जमिनीचा एक तुकडा, त्याला हद्द आहे, त्याला मालक आहे आणि त्या हद्दीच्या आत जे काही आहे ते स्वच्छ केले की प्रश्न मिटला. कोरड्या माळरानावरच्या कारखान्यापुरते हे बहुतांशी चालून जाते. भारतातील जुन्या रासायनिक उद्योगांची मोठी संख्या मात्र नदी, खाडी, ओढा किंवा तलाव यांच्या काठी वसलेली आहे, कारण कारखान्याला पाणी घ्यायलाही लागते आणि सोडायलाही. तिथे विष सातबाऱ्याच्या उताऱ्यात मावत नाही.

केरळमधील एलूर हे याचे ठळक उदाहरण. कोचीजवळ पेरियार नदीच्या दोन फाट्यांमध्ये वसलेले हे बेट म्हणजे केरळच्या औद्योगिकीकरणाचे जन्मस्थान. १९४० च्या दशकात खतांचा कारखाना उभा राहिला, मग कॉस्टिक सोडा, दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि १९५० च्या दशकात सरकारी मालकीचा डीडीटीचा कारखाना. या परिसरातून कुळिक्कंडम नावाचा लहानसा ओढा वाहतो आणि पेरियारला मिळतो. अनेक दशके कारखान्यांचे सांडपाणी याच ओढ्याने वाहून नेले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेख समितीने या भागाची पाहणी केली आणि स्थानिक नागरिकांचा सहभाग असलेली समिती तिथे स्थापन झाली. तेव्हापासून अहवाल पुष्कळ झाले. ओढ्याचा तळ मात्र अजूनही वादाचा विषय आहे.

ओढा कोणाचा, हा प्रश्न इथे बिनतोड ठरतो. कारखान्याच्या कुंपणाआतील माती कारखान्याची. कुंपणाबाहेरचा गाळ पाटबंधारे खात्याचा की पंचायतीचा की नगरपालिकेचा? डीडीटीसारखे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते सेंद्रिय कणांना चिकटून बसते. म्हणजे ते पाण्याबरोबर लांब निघून जाण्याऐवजी गाळात साठत राहते आणि पूर आला की गाळासह पुढे सरकते. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात एलूर पाण्याखाली गेले होते. अशा प्रत्येक पुराने गाळाची नव्याने मांडणी होते, आणि कालच्या सर्वेक्षणात लाल रंगाने दाखवलेला पट्टा आज त्याच जागी असेल याची शाश्वती राहत नाही.

मे २०२४ मध्ये याच पेरियारमध्ये हजारो मासे एका रात्रीत मेले. पिंजऱ्यांत मासे वाढवणाऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. पाताळम येथील बंधाऱ्याची दारे उघडल्याने प्राणवायू कमी असलेले पाणी एकदम खाली आले, असे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे म्हणणे होते. केरळ मत्स्य विद्यापीठाच्या तज्ज्ञांना पाण्यात अमोनिया आणि सल्फाइड यांचे प्रमाण धोकादायक आढळले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतातच असे नाही. प्राणवायू संपलेल्या पाण्यात आणि गाळात सल्फाइड तयार होते, हे रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु दोन संस्था दोन कारणे सांगतात तेव्हा जबाबदारी मधल्या मध्ये बुडते.

पाणकाठच्या स्थळांची अडचण समजण्यासाठी तीन विषांची चाल वेगवेगळी पाहावी लागते. डीडीटीची चाल वर आलीच. दुसरे क्रोमियम. तमिळनाडूतील राणीपेट येथे सोडियम बायक्रोमेट बनवणारा सरकारी कंपनीचा कारखाना १९९० च्या दशकाच्या मध्यास बंद पडला आणि मागे दोन लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त अवशेष उघड्यावर राहिले. अमेरिकेतील ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये जगातील सर्वाधिक प्रदूषित १० ठिकाणांची यादी केली, तीत राणीपेटचे नाव होते. क्रोमियमची गंमत अशी (गंमत हा शब्द इथे फार चुकीचा आहे) की त्याचे त्रिसंयुजी रूप बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि पाण्यात न विरघळणारे असते, तर षट्संयुजी रूप कर्करोगकारक आणि पाण्याबरोबर धावणारे. चुना घालून क्रोमाइट भाजण्याच्या जुन्या पद्धतीत उरलेला अवशेष अत्यंत अल्कधर्मी असतो आणि त्यात अडकलेले षट्संयुजी क्रोमियम दरवर्षीच्या पावसाबरोबर थोडे थोडे पाझरत राहते. ढिगाच्या पायथ्याशी साचणारे पिवळे पाणी ही त्याची खूण. फेरस सल्फेटसारखे क्षपणक मिसळून षट्संयुजी रूपाचे त्रिसंयुजी रूपात परिवर्तन करता येते. प्रयोगशाळेच्या चंचुपात्रात ही अभिक्रिया काही मिनिटांत होते. लाखो टनांच्या ढिगात, कणांच्या गाभ्यापर्यंत ती पोचवणे हे अगदी निराळे काम आहे. वरवर क्षपण झालेला ढीग काही वर्षांनी पुन्हा पिवळा पाझरू लागतो, कारण आतले क्रोमियम हळूहळू बाहेर येत असते.

राणीपेटचा परिसर पालार नदीच्या खोऱ्यात येतो. त्याच खोऱ्यातील चर्मोद्योगांच्या प्रदूषणावर २८ ऑगस्ट १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या याचिकेत निकाल दिला आणि 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी' हे तत्त्व, तसेच सावधगिरीचे तत्त्व, देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. भारतीय पर्यावरण कायद्याचा पाया ज्या नदीच्या नावाने घातला गेला, तिच्याच खोऱ्यात क्रोमियमचा तो ढीग अनेक पावसाळे उघड्यावर भिजत राहिला. कारखाना सरकारी असेल आणि बंद पडला असेल तर भरपाई नेमकी कोणी करायची, याचे उत्तर त्या तत्त्वात नव्हते.

तिसरा पारा, आणि तो सर्वांत लबाड. कोडाईकनाल येथील थर्मामीटरचा कारखाना १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील वॉटरटाउनहून यंत्रसामग्री आणून उभारण्यात आला. पुढे तो हिंदुस्थान लिव्हरकडे आला आणि भंगाराच्या आवारात पारा लागलेली काच सापडल्यानंतर मार्च २००१ मध्ये बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा अमेरिकेला परत पाठवण्यात आला. विकसनशील देशातून श्रीमंत देशाकडे विषारी कचरा परत जाण्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. कारखान्याची जागा पांबार शोलाच्या जंगलालगत उतारावर आहे आणि तिथले पाणी खाली वैगई नदीच्या खोऱ्यात उतरते. म्हणजे नकाशावर डोंगरमाथा दिसत असला तरी जलशास्त्राच्या दृष्टीने हेही काठावरचेच स्थळ आहे.

कोडाईकनालचा खरा वाद पुढे सुरू झाला. मातीत किती पारा राहिला तर ती 'स्वच्छ' म्हणायची? नागपूरच्या नीरी या संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे दर किलो मातीमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवण्यात आली. स्थानिक कार्यकर्त्यांनी ब्रिटनमधील निवासी जमिनीच्या मानकाकडे बोट दाखवून ही मर्यादा फारच सैल असल्याचे म्हटले. या वादात दोन्ही बाजूंचे बरेचसे वाचक एक गोष्ट विसरले. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००९ मध्ये निवासी जमिनीसाठी पाऱ्याचे एकच नव्हे तर तीन मार्गदर्शक आकडे दिले होते: मूलद्रव्यरूपी पाऱ्यासाठी दर किलोमागे १ मिलिग्रॅम, असेंद्रिय संयुगांसाठी १७० आणि मेथिल पाऱ्यासाठी ११. धातू एकच, परंतु रूप बदलले की आकडा शंभर पटींनीही बदलतो. मूलद्रव्यरूपी पाऱ्याची वाफ घरात शिरते म्हणून त्याची मर्यादा सर्वांत कडक. तेव्हा 'मातीत २० मिलिग्रॅम पारा' हे वाक्य पाऱ्याच्या रूपाशिवाय अर्धवट आहे, मग ते कंपनीने उच्चारलेले असो वा आंदोलकांनी.

त्याहून मोठी त्रुटी अशी की हे तिन्ही आकडे त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाचा विचार करून काढलेले आहेत. खालच्या तलावातील माशाचा विचार त्यांत नाही. सोपा गुणाकार करून पाहावा. दर किलोमागे २० मिलिग्रॅम म्हणजे दर टनामागे २० ग्रॅम. उतारावरची दहा हजार टन माती या मर्यादेइतका पारा बाळगून 'स्वच्छ' ठरली, तर तिच्यात २०० किलो पारा शिल्लक असतो. तो तिथेच राहिला तर फारसे बिघडत नाही. मात्र उतारावरची माती पावसाळ्यात धुपते, झाडे तोडून खोदकाम केले तर अधिक धुपते, आणि तलावाच्या किंवा बंधाऱ्याच्या प्राणवायूविरहित तळाशी पोचते. तिथे सल्फेटचे क्षपण करणारे जीवाणू या पाऱ्याच्या काही अंशाचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करतात. मेथिल पारा शेवाळातून लहान किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत चढत जातो आणि प्रत्येक पायरीला त्याची तीव्रता वाढते. पाण्याचा नमुना तपासला तर त्यात पारा जेमतेम सापडतो, माशात मात्र तो भरपूर असतो. जमिनीसाठी आखलेली मर्यादा पाण्याच्या बाबतीत अशी फसते.

या प्रकारची सफाई शेवटपर्यंत नेल्याचे उदाहरण जगात नाही असे नाही. जपानमधील मिनामाता उपसागरात चिस्सो कंपनीचे सांडपाणी १९३२ ते १९६८ पर्यंत जात होते. १ मे १९५६ रोजी आजाराची अधिकृत नोंद झाली. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, बारा वर्षांनी. उपसागराची सफाई १९७७ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये संपली. दर किलोमागे २५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळण्यात आला आणि उपसागराच्या आतल्या भागात भराव घालून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. खर्च सुमारे ४८५० कोटी येन, त्यातील मोठा वाटा कंपनीने उचलला. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ पासून उपसागराच्या तोंडाशी जाळे लावलेले होते. ते काढले गेले १९९७ मध्ये, जेव्हा माशांतील पाऱ्याचे प्रमाण सुरक्षित असल्याचे सातत्याने दिसून आले तेव्हा.

मिनामाताचे कौतुक करताना दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. तिथला पारा नाहीसा झालेला नाही, तो भरावाखाली पोलादी भिंतींच्या आड पुरलेला आहे, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यातले पोलाद चिरंजीव नसते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सफाई पूर्ण झाली की नाही, याचा निर्णय तिथे मातीच्या आकड्यावर सोडला नाही. खोदकाम १९९० मध्ये संपले, जाळे आणखी सात वर्षे राहिले. अखेरचा निवाडा माशाच्या मांसावर झाला.

भारतातील नव्या नियमांत नेमका हाच निवाडा कमकुवत आहे. नियमांनुसार जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित स्थळांचा अहवाल द्यायचा आहे. राज्य मंडळाने किंवा नेमलेल्या संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक मूल्यमापन करायचे, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून स्थळ खरोखर दूषित आहे की नाही हे ठरवायचे. १८९ घातक रसायनांच्या मर्यादांशी तुलना करायची. जबाबदार व्यक्ती ९० दिवसांत शोधायची, आणि ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसली तर खर्चाची तजवीज केंद्र व राज्य सरकारने करायची. इथपर्यंत प्रत्येक पायरीला दिवस मोजून दिलेले आहेत. स्थळ दूषित ठरल्यानंतर ते सुरक्षित करण्यासाठी मात्र कालमर्यादा नाही. निदान तीन महिन्यांत आणि उपचार यथावकाश, असा हा दवाखाना आहे.

कालमर्यादा नसली की काय होते, याचा दाखला शोधायला परदेशी जावे लागत नाही. राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस एच-आम्ल नावाचे रंगद्रव्योपयोगी रसायन बनवणाऱ्या कारखान्यांचा सुमारे अडीच हजार टन अवशेष उघड्यावर पडला आणि विहिरींचे पाणी गर्द तपकिरी झाले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये कारखानदारांना जबाबदार धरले. शुद्धीकरणासाठी ठरलेले सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश देण्याची वेळ जुलै २०११ मध्ये त्याच न्यायालयावर आली. निकाल लागल्यापासून पंधरा वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली आणि या काळात भूजल कोणत्याही तारखेची वाट पाहत थांबले नव्हते.

भोपाळचे उदाहरण तर ताजे आहे. युनियन कार्बाइडच्या आवारातील ३३७ टन कचरा २०२५ च्या आरंभी पिथमपूरला हलवून तिथे जाळण्यात आला आणि बातम्यांत 'भोपाळ अखेर विषमुक्त' असा सूर उमटला. हा कचरा म्हणजे पूर्वीच वेचून, पोत्यांत भरून ठेवलेला भाग होता. नीरी आणि राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांच्या २०१० च्या अभ्यासांत आवारातील सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज होता. ३३७ टनांची ११ लाख टनांशी तुलना टक्केवारीत मांडली तर ०.०३ टक्के भरते. वाहून नेता येते ते लवकर 'स्वच्छ' होते, जमिनीत आणि पाण्यात मुरलेले मागे राहते.

नियमांच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या गोष्टीही काठावरच्या स्थळांना भोवतात. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि घनकचऱ्याचे डेपो यांच्यासाठी स्वतंत्र कायदे असल्याने ते वगळले आहेत. मिश्र प्रदूषणात घातक रसायनाचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले तर नियम लागू होतात, अशी पळवाट बुजवणारी तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. तरीही खाडीच्या तळाशी एकाच गाळात तेल, घनकचरा, जड धातू आणि कीटकनाशके एकत्र नांदतात. त्यातला कोणता वाटा कोणत्या कायद्याचा, हे ठरवण्यातच पहिली काही वर्षे जातील, ही भीती अनाठायी नाही.

गाळ उपसून टाका, ही अशा वेळी होणारी सर्वांत लोकप्रिय मागणी. ती सरसकट मान्य करणे धोक्याचे आहे. तळाचा गाळ ढवळला की त्यातील सल्फाइडांना प्राणवायू मिळतो, त्यांना बांधलेले धातू सुटे होतात आणि पाण्याच्या स्तंभात येतात. उपसलेला गाळ कुठे सुकवायचा, त्यातून निथळणारे पाणी कुठे जाणार, हे आधी ठरलेले नसेल तर एका गावाचे विष दुसऱ्या गावाच्या वेशीवर नेऊन टाकण्यापलीकडे काही साधत नाही. पिथमपूरच्या रहिवाशांनी केलेला विरोध केवळ अज्ञानातून आला होता असे समजणे म्हणूनच उद्धटपणाचे ठरेल. काही ठिकाणी स्वच्छ वाळू आणि सक्रिय कोळशाचा थर अंथरून गाळ जागच्या जागी झाकणे अधिक शहाणपणाचे असते. मात्र पुराच्या नदीत असा थर टिकेल का, हे त्या नदीचा प्रवाह मोजल्याशिवाय सांगता येत नाही. नदीची हंगामी मोजमापे नसताना निविदा काढणे, ही भारतीय शुद्धीकरण प्रकल्पांची जुनी खोड आहे.

या नियमांत पहिली दुरुस्ती करायची झाली तर ती स्थळाच्या व्याख्येत असावी. जिथे दूषित जमीन पाण्याला लागून आहे तिथे कारखान्याची हद्द न धरता पाणलोटाची हद्द धरावी, आणि खालच्या प्रवाहातील गाळ व मासे यांची तपासणी सर्वेक्षणाचा अनिवार्य भाग करावी. त्याचा खर्च वाढेल, वेळही वाढेल. परंतु आज जो खर्च वाचतो तो कोळ्यांच्या आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्यांच्या खात्यावर टाकला जातो, इतकेच. दुसरी दुरुस्ती कालमर्यादेची. प्रत्येक स्थळाला एकच मुदत देता येणार नाही, हे खरे. म्हणून शुद्धीकरण आराखड्यातच टप्प्यांच्या तारखा असाव्यात आणि त्या चुकल्या तर काय, हेही तिथेच लिहिलेले असावे.

तिसरी गोष्ट नियमांशिवायही आजच करता येण्यासारखी आहे. १०३ स्थळांपैकी प्रत्येकाचे मातीचे, भूजलाचे आणि गाळाचे कच्चे आकडे, नमुना कुठून व किती खोलीवरून घेतला, पाऱ्याचे किंवा क्रोमियमचे कोणते रूप मोजले, कोणत्या महिन्यात मोजले, या तपशिलासह खुले करावेत. देशातील रसायनशास्त्राच्या आणि भूशास्त्राच्या पदव्युत्तर विभागांत असे आकडे वाचू शकणारे हजारो विद्यार्थी आहेत. कुळिक्कंडम ओढ्याच्या तळाचा नमुना पावसाळ्यापूर्वी घेतला होता की पावसाळ्यानंतर, एवढे कळले तरी अहवालातील निम्मे वाद कोणत्या बाजूला झुकतात ते त्यांना सांगता येईल.